शेवटच्या खुर्चीतला हात

मी, खाली सही करणारी, घरी आणि कामगारांच्या छावणीवर भिंगरी म्हणून ओळखली जाणारी, सध्याचा धंदा विजेच्या तारांचे मनोरे रंगवण्याचा, असं लिहून ठेवते की या घडीला माझं डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, कोणी मानेवर बसून लिहून घेत नाही आणि इथे लिहिलेलं सगळं माझ्या मनचं आहे. ओळखपत्राची प्रत मागे टाचली आहे. त्यातली मुलगी मीच, केस तेव्हा लांब होते.

मला मरायची घाई नाही. पण नदीवरच्या उंच मनोऱ्यावर चढणाऱ्या प्रत्येकाने आधी आपल्या मागची व्यवस्था लिहून द्यायची, असा इथला नियम आहे. मुकादमबाई म्हणाल्या, "एका पानात आटप. सगळ्यांनी आटपलंय." सगळ्यांचं आटपलं, कारण सगळ्यांनी 'जे आहे ते बायकोला' एवढंच लिहिलं. माझ्याकडे सामान थोडं आणि भांडणं बरीच आहेत, आणि ती सुद्धा माझी नाहीत, वारशाने आलेली आहेत. सामान कोणी नेलं नाही तर गंजून संपेल. भांडण तसं संपत नाही. सबब पानं जास्त लागतील. कागद मुकादमबाईंचाच आहे, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

कलम पहिलं : मी कोण आणि कोणाची

शाळा मी मध्येच सोडली. शाळेनेही फार पाठलाग केला नाही. त्यानंतर पावाची गाडी चालवली, रोपवाटिकेत कलमं बांधली, एका फिरत्या छायाचित्रकाराच्या मागे छत्री धरून हिंडले, एका बंदरात दोर वळायला शिकले. त्या दोर वळणाऱ्या माणसाला दोन्ही हातांची मिळून सातच बोटं होती आणि गाठ मात्र अशी मारायचा की... असो, तो या मृत्युपत्रात येत नाही.

माझे बाबा आणि माझे मामा मिळून सभांना, लग्नांना, शाळेच्या कार्यक्रमांना लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. बाबांचा आवाज मोठा होता आणि मामाचे कान तिखट होते. मामा आईचा धाकटा भाऊ. दारातून वाकून आत यावं लागेल एवढा धिप्पाड माणूस, पण आईने लहानपणी छोट्या म्हटलं ते अजून चालू आहे. बाबाही त्याला छोट्याच म्हणतात. म्हणजे म्हणायचे.

त्यांची कामाची एक पद्धत होती आणि ती मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळं तिच्यावरच येणार आहे. खुर्च्या मांडून झाल्या की बाबा स्टेजवर जायचे आणि माईकमध्ये म्हणायचे, "हॅलो, मागे येतंय का?" मामा शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीत जाऊन बसायचा. आवाज स्वच्छ येत असेल तर हात वर. घुमत असेल तर तळवा खाली. येतच नसेल तर हात मांडीवर. मामाचा हात वर झाल्याशिवाय बाबा कार्यक्रम सुरू होऊ द्यायचे नाहीत, मग समोर नवरदेव खोळंबलेला असो की मंत्री. लहानपणी मी मामाच्या मांडीवर बसून माझाही हात वर करायची. मामा म्हणायचा, "स्टेजवर उभं राहिलं की प्रत्येकाला आपला आवाज छानच वाटतो. म्हणून त्याला विचारायचं नसतं. जो शेवटी बसलाय त्याला विचारायचं."

कलम दुसरं : व्यवस्था कोणी पाहायची

या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाबा आणि मामा यांनी दोघांनी मिळून, एका वेळी, एका खोलीत बसून करावी. एकट्याने केलेली अंमलबजावणी रद्द समजावी.

हे वाचून आई कपाळाला हात लावेल. कारण हे दोघं एका जिन्याच्या वरखाली राहतात आणि गेली कित्येक वर्षं एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत. सगळं आईमार्फत चालतं. बाबा वर तोंड करून म्हणतात, "अगं, तुझ्या भावाला सांग, जिन्यात सायकल लावू नकोस." मामा वरून म्हणतो, "ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, जिना त्यांच्या पक्षाच्या मालकीचा नाही." आई खालीच भाजी निवडत असते. ती म्हणते, "दोघांनाही ऐकू गेलंय. पुढचा निरोप पगार ठरल्यावर."

पक्ष म्हणजे असं. आमच्याकडे निवडणुकीला दोन पक्ष मोठे. एकाची खूण किल्ली, दुसऱ्याची शिडी. बाबा किल्लीवाले, मामा शिडीवाला. पूर्वी हा जेवताना चिडवायचा विषय होता. बाबा म्हणायचे, "छोट्या, तुमची शिडी टेकवणार कुठे? भिंत कुठाय?" मामा म्हणायचा, "दाजी, तुम्ही आधी कुलूप शोधा." आणि दोघं एकाच ताटातलं लोणचं संपवायचे.

मग हळूहळू हवा बदलली. कोणी बदलली हे मला माहीत नाही, मी तेव्हा पावाच्या गाडीवर होते. पण पाव वाटताना कळायचं. एका गल्लीतली बाई म्हणाली, "तू समोरच्या ओळीत आधी दिलास ना, मग आम्हाला नको." केस कापायला किल्लीवाल्यांचा न्हावी वेगळा, शिडीवाल्यांचा वेगळा. एकदा तर औषधाच्या दुकानात एक आजोबा खोकत उभे होते, पण औषध घेईनात, कारण काउंटरमागे शिडीचं चित्र होतं. खोकल्याला पक्ष नसतो हे त्यांना सांगायला गेले तर मलाच विचारलं, "तू कोणाची गं?"

कलम तिसरं : किरकोळ वस्तू

माझे चढायचे बूट छावणीतल्या आचाऱ्याच्या मुलीला. तिला एक माप मोठे होतील, पण ती वाढते आहे.

माझा कमरेचा पट्टा आणि दोर कोणालाही देऊ नये. पडलेल्या माणसाचा दोर दुसऱ्याने वापरू नये. न पडता मेले तर प्रश्न नाही, छावणीत ठेवावा.

माझी सायकल एका गावात दुरुस्तीला टाकली होती. गावाचं नाव विसरले, पण दुकानासमोर निळं दार होतं आणि दुकानदार सतत शीळ घालायचा. ज्याला सापडेल त्याची.

आईला माझी घोंगडी आणि माझ्या वतीने एक दिवस पूर्ण शांतता. त्या दिवशी तिच्याकडून कोणीही कोणालाही निरोप पाठवू नये.

कलम चौथं : शिडी

माझ्या मालकीची सर्वात मोठी वस्तू म्हणजे सरकती, दोन भागांची शिडी. खालची एक पायरी वाकलेली आहे, तिच्यावर पाय देताना डावीकडे द्यावा. ही शिडी लाऊडस्पीकरच्या धंद्यातली आहे आणि ती माझ्याकडे कशी आली हे सांगितल्याशिवाय ती कोणाला देता येणार नाही.

शाळेच्या मैदानावर किल्लीवाल्यांची मोठी सभा होती. काम आमच्याकडे होतं, मीही मदतीला गेले होते. मामा शिडीवाला असला तरी काम ते काम. शिडीवाल्यांच्या सभेतही माईकवर बाबाच असायचे. आम्ही सामान घेऊन फाटकाशी आलो तर दोन कार्यकर्ते आडवे आले.

"शिडी आत न्यायची नाही."

मामा म्हणाला, "का?"

"आमच्या सभेत त्यांची खूण?"

"अहो, ही त्यांची शिडी नाही, आमची शिडी आहे. हिच्यावर चढून स्पीकरचे बॉक्स वर टांगायचे, वायर खांबाखांबावरून न्यायची."

"ते माहीत नाही. फोटोत आली तर उद्या सगळीकडे फिरेल. झाकून आणा."

आम्ही ताडपत्री गुंडाळली. मग ती शिडी अंत्ययात्रेसारखी दिसायला लागली आणि कार्यकर्ते जास्तच बिथरले. मला हसू आवरेना. बाबा मामाला बाजूला घेऊन म्हणाले, "छोट्या, आजचा दिवस जाऊ दे रे. खालूनच करू."

"दाजी, मागे आवाज जाणार नाही."

"जाईल."

मामाने शिडी फाटकाला टेकवली. एरवी तो भांडला असता. पण त्या मैदानात तो एकटा शिडीवाला होता, आणि शिडीसाठी हटून बसला असता तर लोक काय म्हणाले असते ते त्यालाही कळत होतं. शिडी फाटकाबाहेर राहिली. बॉक्स टेबलांवर ठेवले. नेहमी डोक्यावरून जाणारी वायर जमिनीवरून नेली आणि वर गोणपाट टाकलं.

टेबलं डगमगत होती म्हणून मामा बॉक्सपाशी थांबला आणि शेवटच्या खुर्चीत त्या दिवशी मी बसले. बाबांनी विचारलं, "मागे येतंय का?" मी हात मांडीवर ठेवला. बाबांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा मांडीवर. तेवढ्यात पाहुणे आले, फुलं आली, आणि आमच्या धंद्यात पहिल्यांदाच हात वर न होता कार्यक्रम सुरू झाला.

कलम पाचवं : त्या दिवशी खरं काय झालं

मरणाच्या कागदावर कोणी खोटं लिहीत नाही असं म्हणतात, म्हणून हे कलम इथे घालते. जिवंतपणी सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.

वक्ता चांगला बोलत असावा. पुढचे लोक टाळ्या वाजवत होते. मागच्यांना शब्द पोचत नव्हते. कोणी गोंधळ केला नाही, कोणी ओरडलं नाही. माझ्या पुढच्या एका बाईने, मांडीवर पिशवी होती तिच्या, आपली खुर्ची थोडी पुढे ओढली. ऐकू यावं म्हणून. मग तिच्या शेजारच्याने ओढली. मग आख्खी रांग बसल्या बसल्या पुढे सरकली आणि तिच्यामागची पण. खुर्च्यांचे पाय गोणपाटात अडकले, गोणपाटाबरोबर वायर ताणली गेली, आणि जिथे दोन वायरींचा जोड होता तिथून ती सुटली. आवाज गेला.

मी हे डोळ्यांनी पाहिलं. वायर कोणी तोडली नाही, कोणी कापली नाही, कोणी कट केला नाही. लोकांना ऐकायचं होतं म्हणून आवाज गेला.

पण आवाज गेल्यावर जी शांतता होती तिच्यात कोणीतरी ओरडलं, "वायर तोडली!" दुसरा ओरडला, "शिडीवाल्यांनी तोडली!" मग कोणाला तरी आठवलं की बॉक्सपाशी उभा असलेला धिप्पाड माणूस शिडीवाला आहे. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शिडीवाल्यांच्या कार्यालयाच्या काचा फुटल्या. तिथे झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्याचा हात मोडला. तो कुठल्याच पक्षाचा नव्हता, त्याला फक्त झाडू आवरून घरी जायचं होतं. मग शिडीवाले आमच्या दुकानावर आले. त्यांच्या मते किल्लीवाल्या बाबांनीच हा बनाव रचला होता. आमची पाटी त्यांनी खाली पाडली.

मी चौकीत सांगितलं. तिथे 'गर्दीत तुटली' असं लिहून घेतलं. मी गल्लीत सांगितलं. एक काका म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं काय, आपलीच चूक?" मी म्हटलं, "चूक नाही, खुर्च्या." ते म्हणाले, "खुर्च्यांनी काचा फोडल्या?" दुसऱ्या बाजूला सांगितलं तर तेही चिडले. मला तेव्हा कळलं की लोकांना खोटं आवडतं असं नाही, पण माणूस हवा असतो. खापर खुर्चीवर फोडता येत नाही. खुर्ची उलट उत्तर देत नाही, मग मजा काय?

घरी बाबा म्हणाले, "जोड छोट्याने बांधला होता. मुद्दाम ढिला ठेवला." मामा म्हणाला, "शिडी कोणी बाहेर ठेवायला लावली? ठरवून?" मी मध्ये उभी राहून दोघांना सांगत होते. दोघंही माझ्याकडे बघत होते आणि ऐकत नव्हते. आई तेवढं म्हणाली, "पोर काय म्हणते ते एकदा ऐका तरी." त्यानंतर धंदा वाटून घेतला. आवाज मोठा करणारं मशीन बाबांकडे, बॉक्स मामाकडे. मशीनशिवाय बॉक्स मुका आणि बॉक्सशिवाय मशीनला तोंड नाही, पण वाटणी झाली. शिडी कोणालाच नको होती. बाबा घरात शिडी ठेवणार कसे, लोक काय म्हणतील. आणि मामाला तिच्याकडे बघवेना. आई म्हणाली, "भिंगरीला द्या, ती तशीही टिकत नाही एका जागी."

मी शिडी घेऊन निघाले. गंमत नाही करत, ट्रकच्या टपावर बांधून इथे आले. मुकादमबाई म्हणाल्या, "लोक बॅग घेऊन येतात, हिने शिडी आणली." आणि कामावर ठेवून घेतलं.

कलम सहावं : गाळा

लाऊडस्पीकरच्या दुकानाचा गाळा आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, जाताना माझ्या नावावर केला. का केला ते आता समजतं. त्यांनाही जावई आणि मुलगा दोघं माहीत होते. तो सध्या बंद आहे. शटरवर दोन्ही पक्षांची पत्रकं एकावर एक चिकटली आहेत, इतकी जाड की त्यांचाच दरवाजा झाला आहे.

हा गाळा आणि शिडी मी बाबा आणि मामा यांना दोघांना मिळून देते, एका अटीवर. गाळा उघडण्याआधी दोघांनी एकदा माईक लावून पाहावा, जुन्या पद्धतीने. एकाने बोलायचं, एकाने शेवटच्या खुर्चीत बसायचं. मग जागा बदलायच्या. बाबांनी शेवटच्या खुर्चीत बसायचं आणि मामाने स्टेजवरून विचारायचं. मामा माईकवर लाजतो हे मला माहीत आहे. तरी.

मतं बदलावीत अशी अट नाही. बाबांनी किल्लीलाच द्यावं, मामाने शिडीलाच द्यावं. मला दोन्हींचा कंटाळा आहे, पण तो माझा प्रश्न आहे.

अट पाळली नाही तर गाळा शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला जाईल. त्याची नजर त्या गाळ्यावर कधीपासून आहे आणि तो दोघांनाही आवडत नाही. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं अजून एकमत आहे, म्हणून त्याला इथे घातला. गिरणीवाल्याने गैरसमज करून घेऊ नये. पीठ तो चांगलं दळतो.

कलम सातवं : माझ्याकडे शिल्लक असलेले राग

फाटकावरच्या त्या दोन कार्यकर्त्यांवरचा माझा राग मी इथेच सोडून देते. त्यातला एक मला मागे एका रस्त्यावर भेटला होता. तो आता रसाच्या गाडीवर असतो. म्हणाला, "वरून सांगितलं होतं गं." वरच्याला विचारलं असतं तर त्यानेही वरच बोट दाखवलं असतं. मी रोज वर चढते. तिथे कोणी नसतं, वारा असतो.

'वायर तोडली' असं पहिल्यांदा ओरडणाऱ्याला मी ओळखत नाही. त्यालाही बहुतेक तसंच वाटलं असेल. पण त्याने एकदा मान वळवून मागे बघायला हवं होतं. त्याच्यावरचा अर्धा राग ठेवते.

झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्याला, तो असेल तिथे, आमच्या घरातल्या कोणीतरी जाऊन भेटावं. दोघांनी मिळून गेलं तर उत्तम. इतक्या वर्षांत एका बाजूनेही कोणी गेलं नाही, कारण गेलं तर चूक मान्य केल्यासारखं दिसेल. दिसू द्या.

कलम आठवं : माझ्यामागे

मला जिथे सोयीचं असेल तिथे पोचवावं. झेंडा कोणाचाही नको. भाषण करायचंच असेल तर बोलणाऱ्याने आधी मागे बघावं.

पुरवणी, वरील मजकूर लिहून झाल्यानंतरची

मुकादमबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "ज्यांना अंमलबजावणी करायची आहे त्यांची संमती हवी. दोघांची. इथे समोर." मी म्हटलं, ते येणार नाहीत. त्या म्हणाल्या, "मग तू चढणार नाहीस." मी आईला फोन केला. आईने तिकडून काय केलं ते ती सांगत नाही. तिने बहुधा दोघांना वेगवेगळं सांगितलं की दुसरा घाबरला आणि येत नाहीये. दोघंही आले. एकाच बसने आले, एक पुढच्या दाराने उतरला, एक मागच्या.

पत्र्याच्या खोलीत दोघं एका बाकाच्या दोन टोकांना बसले. आचारी चहा घेऊन आला आणि तिथेच थांबला. मुकादमबाई किल्लीला मत देतात आणि आचारी शिडीला, आणि दोघं रोज भांडतात. पण दुपारची भांडी घासेपर्यंतच, असं त्यांचं ठरलेलं आहे. भांडी वाळत घातली की विषय बंद.

मुकादमबाईंनी हे सगळं मोठ्याने वाचलं. पाचव्या कलमाला बाबा बोललेच. "जोड ढिला होता."

मामा भिंतीकडे बघत म्हणाला, "शिडी आत असती तर जोड जमिनीवर आलाच नसता."

"हे कोणाशी बोलताय?" मुकादमबाईंनी विचारलं. "ताई इथे नाहीत. एकमेकांशी बोला नाहीतर गप्प बसा."

मग त्यांनी विचारलं, "वायर सुटताना तुमच्यापैकी कोणी पाहिली?"

बाबा म्हणाले, "मी स्टेजवर होतो."

मामा म्हणाला, "मी टेबल धरून होतो."

"आणि हिने पाहिली. मग इतकी वर्षं तुम्ही काय भांडताय, न पाहिलेल्यावर?"

आचाऱ्याने मध्येच विचारलं, "साखर?" आणि उत्तराची वाट न बघता दोघांनाही घातली.

बाबांनी कप हातात घेतला. मग म्हणाले, "ही तेव्हाही सांगत होती. तिने हात मांडीवर ठेवला होता. मी पाहिलं होतं." आणि मामा, भिंतीकडे नाही, चहाकडे बघत म्हणाला, "आपण दोघं तेव्हा आपापल्या लोकांना उत्तरं देत बसलो होतो, दाजी."

'आपण' आणि 'दाजी' हे शब्द मी कित्येक वर्षांनी एका वाक्यात ऐकले. यापेक्षा जास्त काही झालं नाही. कोणी गळ्यात पडलं नाही. बाबांनी साखर जास्त झाल्याची तक्रार केली.

मग कागद बाजूला ठेवून मुकादमबाईंनी छावणीचा प्रश्न काढला. वारा वाढला की खालून भोंग्यावर सांगतात आणि वरच्यांनी खाली यायचं असतं. पण इथला भोंगा नुसता घुमतो. वर शब्द पोचत नाहीत, आणि म्हणून मागच्या खेपेला एक जण वाऱ्यात वरच अडकला होता. "तुम्ही दोघं या धंद्यातले ना? बघा जरा."

मामा उठला, भोंग्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हा खाली लावलाय. वर टांगायला हवा. शिडी लागेल." बोलून झाल्यावर तो थांबला. बाबा बाहेर गेले. माझी शिडी खोलीमागे साखळीने बांधलेली असते. बाबांनी ती स्वतः खांद्यावर घेऊन आणली, उघडी, ताडपत्री न घालता, आणि खांबाला टेकवली. म्हणाले, "छोट्या, वाकड्या पायरीवर पाय डावीकडे दे."

"मीच वाकवलेली आहे ती," मामा म्हणाला आणि चढला.

शेवटची खुर्ची कुठली हे कोणाला विचारावं लागलं नाही. मी पट्टा बांधला आणि छावणीजवळच्या लहान मनोऱ्यावर चढले. त्याला परवानगी लागत नाही. वरून दोघं बोटाएवढे दिसत होते, एक माईकपाशी, एक शिडीवर. कोण किल्लीवाला, कोण शिडीवाला, ते काही वरून कळत नव्हतं. बाबांचा आवाज आला, "हॅलो, मागे येतंय का?" सवयीने मागेच म्हणाले. घुमत होतं. मी तळवा खाली केला. मामाने भोंगा फिरवला. बाबांनी पुन्हा विचारलं. मी हात मांडीवर ठेवला. या वेळी कोणी म्हणालं नाही की जाईल, चालेल, आजचा दिवस जाऊ दे. मामा उतरला, शिडी सरकवली, पुन्हा चढला. बाबांनी पुन्हा विचारलं. असं किती तरी वेळा. खाली आचारी तोपर्यंत भांडी घासून बसला होता.

मग आवाज आला, एकदम स्वच्छ, जणू शेजारी बसून बोलतायत: "भिंगरे, येतंय का?"

मी हात वर केला. खाली मामाने शिडीवरून हात वर केला, माझा हात दिसला हे सांगायला. बाबांनीही केला.

मग मामाला माईकवर जायला लावलं. तो लाजला. फक्त "हॅलो" म्हणाला आणि बाबांकडे माईक दिला. बाबा म्हणाले, "अटीत आहे. नीट बोल." तेव्हा तो म्हणाला, "हॅलो, वारा वाढला की खाली ये गं."

दोघंही माईकवर बोलले, सबब सहाव्या कलमातली अट निम्मी पुरी झाली असं मी समजते. बाबा अजून शेवटच्या खुर्चीत बसायचे आहेत, कारण मनोऱ्यावर चढायला ते तयार नाहीत. ते गाळ्यासमोर रस्त्यावर करता येईल. गिरणीवाल्याचं नाव तोपर्यंत तसंच राहील.

शिडी मरेपर्यंत माझीच आहे. ती नेण्यावरून दोघांनी आत्ताच वाद सुरू केला आहे, समोरासमोर, आईशिवाय. तो मी मिटवणार नाही.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, आणि खाडाखोड जिथे आहे ती माझीच आहे. उद्या वारा नसेल तर नदीवरच्या मनोऱ्यावर चढायचं आहे, आणि चढून खाली उतरायचं आहे.

ठिकाण : मनोऱ्याखालची छावणी, पत्र्याची खोली.
दिनांक : चढण्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, उजेड असताना.

सही : भिंगरी

साक्षीदार पहिल्या : मुकादमबाई. (माझ्यासमोर सही केली. पानं जास्त झाली, हे नोंदवते.)

साक्षीदार दुसरा : आचारी. (माझ्यासमोर. साखर दोघांना सारखीच घातली होती.)

अंमलबजावणी करणाऱ्यांची संमती :

वाचलं. मान्य आहे. म्हाताऱ्याला भेटायला येत्या रविवारी जाऊ. जोड मात्र ढिला होता. — बाबा

वाचलं. मान्य आहे. रविवारी मीही येतो. जोड घट्ट होता, खुर्च्या जास्त होत्या. हे दाजींना बसमध्ये मी स्वतः सांगेन, ताईला मध्ये घालणार नाही. — मामा